जवान पुण्याच्या हॉस्पिटलात आहे, पायाला मोठी जखम आहे: घरच्यांनी काय काय करायचं

युनिटमधून येणारा फोन बहुतेक वेळा थोडक्यात असतो. पायाला लागलं आहे, जीवाला धोका नाही, पुण्याला कमांड हॉस्पिटलला हलवलं आहे. त्यापुढचं सगळं घरच्यांना अंदाजाने करावं लागतं. माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखाली गेला. मी हडपसरला राहते, म्हणून त्या काळात वॉर्डातलं जाणं-येणं माझ्याकडे होतं. तेव्हापासून साताऱ्याकडून, बीडकडून कुणाचं कुटुंब आलं की "ताई, आता काय करायचं?" हा फोन माझ्याकडे येतो. त्या फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाच्या आणि ऑपरेशनच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला कळायला हवं असं पुष्कळ असतं.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाय बरा होण्याचा फार थोडा काळ ऑपरेशन थिएटरमध्ये जातो. बाकी सगळा काळ खाटेवर, फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये आणि नंतर घरच्या अंगणात जातो. तिथली कामं छोटी, रोजची आणि कंटाळवाणी असतात. ती टळली तर उत्तम झालेलं ऑपरेशनही वाया जातं, आणि ती करून घेण्यात घरच्यांचा वाटा मोठा असतो.

पुण्यात पोहोचताना

रिक्षावाल्याला नुसतं "मिलिटरी हॉस्पिटल" म्हणू नका. पुण्यात लष्कराची हॉस्पिटलं एकाहून जास्त आहेत. खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल शहराच्या एका टोकाला, आणि कमांड हॉस्पिटल दुसऱ्या बाजूला वानवडीत. हृदय आणि छातीच्या आजारांची लष्करी संस्थाही वेगळी आहे. युनिटच्या माणसाकडून हॉस्पिटलचं नाव, वॉर्डचा नंबर आणि जवानाचा आर्मी नंबर कागदावर लिहून घ्या. सातारा, सांगली, कोल्हापूरची एसटी स्वारगेटला येते, तिथून वानवडी जवळ पडते. सोलापूर रस्त्याने येणाऱ्यांनी शहरात आत न जाता फातिमानगरला उतरावं. नाशिककडून येणारी एसटी वाकडेवाडीला थांबते, ती खडकीसाठी सोयीची आहे.

सोबत आधार कार्ड, असेल तर डिपेंडंट कार्ड (जवानावर अवलंबून असलेल्या घरच्यांचं ओळखपत्र), आणि जवानाच्या ओळखपत्राची छायाप्रत ठेवा. गेटवर विचारपूस होणार, पास करावा लागणार. लष्करी हद्दीत मोबाइलवर फोटो काढू नका, वॉर्डातही नाही. भेटीच्या वेळा, रात्री सोबत कोण थांबू शकतं, बाहेरचं जेवण चालतं का, हे सगळं पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना विचारून घ्या. राहण्यासाठी आधी युनिटच्या प्रतिनिधीशी बोला. सैनिक कल्याण विभागाची विश्रामगृहंही आहेत, तिथे जागा मिळते का ते पाहता येईल.

एक सांगायलाच हवं. पायाची प्रत्येक मोठी जखम सीमेवरची नसते. सुट्टीवर आलेला जवान मोटारसायकलवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं, असंही वारंवार घडतं. असं झालं तर जवळच्या हॉस्पिटलात जीव आणि पाय सांभाळायचा, आणि त्याच दिवशी युनिटला आणि सर्वांत जवळच्या लष्करी हॉस्पिटलला कळवायचं. पोलिसांत नोंद करून तिची प्रत जपायची. उशिरा कळवलं की पुढे खर्चाच्या परताव्यात आणि कागदपत्रांत दोन्हीकडे अडचण येते.

पहिले आठवडे: जखम आधी, हाड नंतर

स्फोटाची किंवा गोळीची जखम वरून दिसते त्यापेक्षा आत खोल असते. माती, कापड, लोखंडाचे तुकडे आत घुसलेले असतात. म्हणून डॉक्टर ती एकदम शिवून टाकत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा थिएटरमध्ये नेऊन मेलेलं मांस काढतात आणि धुतात. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं म्हणून परत नेलं. तसं नसतं. जखम स्वच्छ झाल्याशिवाय वर कातडी लावता येत नाही आणि आत प्लेट किंवा रॉड बसवणं धोक्याचं असतं. या काळात बाहेरून सळ्या लावून हाड तात्पुरतं धरून ठेवतात, आणि जखमेवर स्पंज लावून मशीनने पाणी ओढून घेणारं व्हॅक ड्रेसिंग दिसेल.

काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहत बसू नका, लगेच सिस्टरना हाक मारा. प्लास्टरमधला पाय औषध देऊनही असह्य दुखतोय, बोटं हलवली की कळ जातेय किंवा बोटं बधिर, गार पडली आहेत. पोटरी एकाएकी सुजून कडक झाली आहे. दम लागतोय, छातीत दुखतंय. ताप आणि जखमेतून वास. यातल्या पहिल्या लक्षणात पायातला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असू शकतो, तिथे तास मोजायचे असतात. पोटरीत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

तंबाखूबद्दल मी सगळ्यांशी कडक बोलते. विडी, सिगारेट, गुटखा, चुना-तंबाखू, काहीही गुपचूप आणून देऊ नका. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लावलेली कातडी मरू शकते आणि हाड जुळायला जास्त काळ लागतो. "बिचारा एवढ्या त्रासात आहे, एक पुडी काय झालं" म्हणून देणारा मित्र त्याचा पाय धोक्यात घालत असतो. खाण्यात अंडी, दूध, डाळ, मटण, मासे, सोयाबीन, जे पचेल ते. बकऱ्याच्या पायांच्या सुपाचा डबा गावाहून हमखास येतो. पथ्यात बसत असेल तर प्यायला हरकत नाही, पण जखम भरायला लागणारी प्रथिनं त्यापेक्षा अंड्यात आणि डाळीत जास्त मिळतात.

पाय वाचवायचा की काढायचा

सगळ्यात अवघड बोलणं हे असतं, आणि याच ठिकाणी घरचे सर्वांत जास्त गडबडतात. वडील म्हणतात, काहीही करा पण पाय काढू नका. आई देवाला नवस बोलते. मला ते समजतं. पण डॉक्टर जेव्हा पाय काढण्याचा विषय काढतात, तेव्हा ते हात टेकत नसतात. त्यांच्यासमोर दोन रस्ते असतात आणि दोन्ही लांबचे असतात.

वाचवलेल्या पायाला अनेक ऑपरेशनं लागतात, हाडात जंतुसंसर्ग राहून गेला तर तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उठतो, आणि तळव्याला संवेदना नसेल तर पाय दिसायला असतो पण टेकवायला भरवशाचा नसतो. कधी कधी दोन-तीन वर्षं झगडल्यावर शेवटी तोच पाय काढावा लागतो. उलट गुडघ्याखाली व्यवस्थित काढलेला पाय आणि नीट बसलेला कृत्रिम पाय असला, तर तरुण माणूस काही महिन्यांत चालू लागतो. पण काढलेला पाय परत येत नाही, कृत्रिम पायाची देखभाल जन्मभर करावी लागते, आणि चांगला वाचलेला स्वतःचा पाय केव्हाही सरस. म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मात्र ठरलेले आहेत. पायाची मुख्य रक्तवाहिनी शाबूत आहे का? तळव्याची नस चालते का? हाड किती सेंटीमीटर गेलं आहे? गुडघा राहणार का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालायला नेहमीपेक्षा ढोबळमानाने पाव पट जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वर काढावा लागला तर हा वाढीव खर्च निम्म्याहून वर जातो. म्हणूनच सर्जन गुडघा राखण्यासाठी धडपडतात. आणि निर्णयाच्या बोलण्यात जवान शुद्धीवर असेल तर त्याला सामील करून घ्या. त्याच्या मागे, व्हरांड्यात कुजबुजून ठरवू नका. पाय त्याचा आहे.

१९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडलेल्या मेजर इयान कार्डोझो यांनी स्वतःचा चेंदामेंदा झालेला पाय खुकरीने कापला होता. पुढे ते बटालियनचं नेतृत्व करणारे भारतीय सेनेतले पहिले युद्धजायबंदी अधिकारी झाले आणि मेजर जनरल पदापर्यंत गेले. ही गोष्ट मी धीर देण्यासाठी सांगते, पण जवानाला नाही, त्याच्या वडिलांना. जवानाला बहुतेक वेळा ती आधीच माहीत असते.

पायाला रिंगा बसवल्या असतील तर

हाडाचा तुकडा गेला असेल तर पायाभोवती धातूच्या गोल रिंगा आणि हाडातून आरपार तारा असं यंत्र बसवतात. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रील इलिझारोव या डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना ही पद्धत घडवली. हाड एका जागी कापतात आणि रिंगांवरचे नट फिरवून ते अगदी सावकाश सरकवतात. सरकताना मागे राहिलेल्या जागेत नवं हाड तयार होत जातं. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून. म्हणजे ६ सेंटीमीटरची पोकळी भरायला नुसतं सरकवण्याचे ६० दिवस, आणि ते हाड पक्कं व्हायला त्याहून बरेच जास्त महिने.

नट कोणते, कोणत्या दिशेने आणि किती वाजता फिरवायचे हे शिकवल्यावर एक तक्ता भिंतीला लावा आणि प्रत्येक वेळी खूण करा. नट फिरवण्याचं काम शक्यतो जवानानेच करावं, घरच्यांनी तक्ता पाहावा. "आज जास्त फिरवू म्हणजे लवकर संपेल" असं कुणी करू नये. वेग वाढला तर हाड तयार होत नाही आणि नसा ताणल्या जातात. तारा कातडीत शिरतात तिथली जागा डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने रोज स्वच्छ करायची. थोडं पाणी येणं चालतं. लाल होऊन सुजलं, पू आला, तारेपाशी ठणकू लागलं तर दाखवायचं. या सगळ्या महिन्यांत गुडघा आणि घोटा हलता राहिला पाहिजे. हाड जुळलं पण पंजा खाली वळून आखडला, असं होऊ नये म्हणून फिजिओथेरपिस्ट जो व्यायाम देतात तो दुखत असतानाही करायचा असतो.

पाय काढला असेल तर: खाटेवरचे दिवस

उरलेल्या भागाला इथे सगळे स्टंप म्हणतात. पुढे कृत्रिम पाय किती चांगला बसेल हे या दिवसांत ठरतं.

स्टंपखाली उशी देऊ नका. आई मायेने देते, जवानालाही बरं वाटतं, पण गुडघा आणि कंबरेचा सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग उभं राहताना तो सरळच होत नाही. आखडलेला सांधा सोडवायला महिने जातात. व्हीलचेअरवर बसतानाही स्टंप खाली लोंबकळत न ठेवता खाली फळी देऊन सरळ ठेवायचा. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं. हा साधा उपाय मी प्रत्येक कुटुंबाला पुन्हा पुन्हा सांगते, कारण तो सगळ्यात जास्त टाळला जातो.

क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. उलट झालं, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल, तर टोक सुजून फुगतं आणि सॉकेटमध्ये जात नाही. दिवसातून अनेक वेळा सोडून पुन्हा बांधावं लागतं. सिस्टरकडून जवानाने स्वतः आणि घरातल्या एकाने शिकून घ्यावं. जखम भरली की स्टंपवर हाताने हळूहळू चोळणं, आधी मऊ कापड मग खरखरीत टॉवेल फिरवणं, याने कातडी सोसायला शिकते.

नसलेला पाय दुखतो, हे ऐकून घरचे घाबरतात. "अंगठ्यात कळ जाते" असं तो म्हणतो आणि अंगठा तर नाही. मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी कुजबुज सुरू होते. ते दुखणं खरं असतं. कापलेल्या नसा आणि मेंदूतला पायाचा नकाशा अजून जुन्याच पायाला धरून असतो. त्यावर वेगळी औषधं आहेत, नेहमीच्या वेदनाशामक गोळीने ते फारसं हटत नाही, म्हणून डॉक्टरांना "जखम दुखते" आणि "नसलेला पाय दुखतो" हे वेगवेगळं करून सांगा. आरशाचा उपायही काहींना लागू पडतो. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब पाहत तो हलवायचा, म्हणजे मेंदूला दोन्ही पाय हलताना दिसतात. फिजिओथेरपी विभागात विचारा.

कुबड्या

थोडक्यात, कारण हे समोर दाखवून शिकवलं जातं. वजन तळहातांवर, काखेत नाही. कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर. काखेवर वजन टाकलं तर तिथली नस दाबली जाते, आणि पाय आधीच दुखावलेला असताना हातही बिघडवून घेण्याची चैन परवडणारी नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. डॉक्टर "वीस किलो वजन टाका" म्हणाले तर अंदाज लावू नका, वजनकाट्यावर पाय टेकवून वीस किलो म्हणजे किती ते पायाला ओळखीचं करून घ्या.

एएलसी: नवा पाय

आर्टिफिशियल लिंब सेंटर, सगळ्यांच्या तोंडी एएलसी, वानवडीच्या लष्करी भागातच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये ते सुरू झालं आणि तिन्ही दलांच्या जवानांचे पाय आणि हात तिथे घडतात. जखम पूर्ण भरून स्टंपची सूज उतरली की तिथलं काम सुरू होतं.

आधी प्लास्टरने स्टंपचं माप घेतात. त्यावरून सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती वाटी, तयार होते. खाली नळी आणि पाऊल, आणि गुडघ्यावर कापलेला असेल तर कृत्रिम गुडघा. लोक पावलाबद्दल आणि गुडघ्याबद्दलच विचारतात, किती महाग, परदेशी आहे का. माझं म्हणणं, सगळं लक्ष सॉकेटवर द्या. सर्वांत भारी पाऊल असलं आणि सॉकेट टोचत असलं तर तो पाय दाराआड उभा राहतो. कुठे टोचतं, कुठे पोकळ वाटतं हे बोट ठेवून सांगा. फौजी लोकांना "ठीक है सर" म्हणायची सवय असते. इथे ती सवय सोडायला लावा. पुन्हा पुन्हा घासून, बदलून घेण्यात संकोच नको, प्रोस्थेटिस्टचं, म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाचं, ते कामच आहे.

सुरुवातीला पाय एक-दोन तासच घालायचा आणि मध्ये मध्ये काढून कातडी पाहायची. मागची बाजू दिसत नाही म्हणून हातातला छोटा आरसा ठेवा. पाय काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत लाली गेली तर ठीक, राहिली तर दाखवा. फोड आला तर पाय घालायचा नाही, त्या दिवशी कितीही महत्त्वाचं लग्न असलं तरी. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो, सॉकेट ढिलं पडतं. आधी स्टंपवर घालायच्या मोज्यांचे थर वाढवून भागवतात, मग नवं सॉकेट करावं लागतं. हे बिघाडाचं लक्षण नाही, हे होणारच असतं.

समांतर दांड्यांमध्ये पहिलं चालणं सुरू होतं तेव्हा घरच्यांना हॉलमध्ये उभं राहायची परवानगी मिळाली तर धावून धरायला जाऊ नका. पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं, हेही तिथे शिकवतात. भाऊ पहिल्यांदा तोल जाऊन बसला तेव्हा माझे हात आपोआप पुढे गेले, आणि फिजिओथेरपिस्ट सरांनी मला नजरेनेच थांबवलं. त्या शिकवणीचा उपयोग पुढे घरी रोज झाला. पाण्याचा तांब्या त्याने उठून घ्यावा, चप्पल त्याने शोधावी. आपण जितकं हातात देऊ तितकं त्याचं चालणं लांबतं.

मनाचं

रात्री दचकून उठणं, बारीकशा आवाजाने ताडकन बसणं, चिडचिड, कुणाशी न बोलणं, दारू वाढणं. हे आठवडे उलटले तरी कमी होत नसेल तर डॉक्टरांना सांगा. लष्करी हॉस्पिटलात मानसोपचार तज्ज्ञ असतात आणि जखमी जवानांना काय होतं हे ते रोज पाहतात. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर त्याच दिवशी सांगायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

भेटायला येणाऱ्यांना दाराशीच सांगून ठेवा. खाटेपाशी रडायचं नाही, "पोराचं आयुष्य गेलं" म्हणायचं नाही, लग्नाचा विषय काढायचा नाही. बायको असेल तर दोघांना एकांत द्या. सासू-सासरे, दीर, आत्या असं सगळं खटलं सतत भोवती असेल तर त्यांना जे बोलायचं आहे ते कधीच बोललं जात नाही. लहान मुलांना घाबरवून लांब ठेवू नका. मुलं स्टंपला हात लावतात, दोन प्रश्न विचारतात आणि खेळायला जातात.

कागद

वाचणाऱ्यांतले बरेच जण हा भाग पुढच्या महिन्यावर ढकलतील. कृपा करून ढकलू नका.

एक जाड फाइल करा. त्यात हॉस्पिटलच्या प्रत्येक डिस्चार्ज कागदाची, प्रत्येक मेडिकल बोर्डाच्या (जखम तपासून अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या) कार्यवाहीची, इंजुरी रिपोर्टची प्रत हवी. युनिटकडून तीन गोष्टी विचारून घ्या. जखमेची नोंद बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली जखम, म्हणून झाली आहे की फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर दुखापत, म्हणून? त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या कागदांत अधिकृत नोंद करणारा आदेश, निघाली का? चौकशी, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, झाली असेल तर तिचा निष्कर्ष काय? युद्धजखमेचं पेन्शन आणि साधं अपंगत्वाचं पेन्शन यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक या नोंदींवर ठरतो. बोर्डाच्या कागदावर जखम लष्करी सेवेमुळे झाली असं मानलं आहे की नाही, आणि अपंगत्वाची टक्केवारी किती, या दोन ओळी जवानाने सही करण्यापूर्वी नीट वाचाव्यात. शंभर टक्के अपंगत्व असेल आणि सतत सोबतीची गरज असेल तर त्यासाठी वेगळा भत्ता आहे. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं अपंगत्वाचं संरक्षणही विचारा.

पाय गेला म्हणजे नोकरी गेली, असं लगेच गृहीत धरू नका. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे शारीरिक क्षमतेचा लष्करी दर्जा, खाली येते, पण अनेकांना बसून करायचं काम देऊन सेवेत ठेवलं जातं. घरी बसवण्याचा बोर्ड हा वेगळा असतो. तो होणार असेल तर कारण लेखी विचारा. निर्णय पटला नाही तर आधी खात्यात अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

नोंदी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात, महार रेजिमेंटच्या मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सच्या इथेच खडकीत. पत्र पाठवलं की पोच जपून ठेवा. सेवेतून बाहेर पडल्यावर पेन्शनचं काम स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर आणि उपचार ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यातच घोरपडीजवळ आहे, पण तुमचं काम बहुधा तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात होईल. पुणे सोडण्यापूर्वी तिथे एक फोन करा.

पुढचं काम, पुढचा खेळ

खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी भारतीय सैनिकांसाठी १९१७ मध्ये ती मुंबईत सुरू झाली आणि नंतर खडकीला आली. आजही जायबंदी जवानांना तिथे हाताचं कौशल्य शिकवतात. सेवेत असताना प्रवेशाची चौकशी युनिटमार्फत करावी. खडकीतलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मात्र मुख्यतः मणक्याच्या दुखापतीसाठी आहे. नावावरून लोकांची गल्लत होते.

खेळाची आवड असेल तर खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या (म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्या) आवारातल्या आर्मी पॅरालिम्पिक नोड या जायबंदी जवानांच्या क्रीडा केंद्राबद्दल विचारा. होकाटो सेमा हे नागालँडचे जवान. २००२ मध्ये नियंत्रण रेषेवरच्या कारवाईत सुरुंगाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गोळाफेक त्यांनी पुण्यात, वयाच्या तिशीनंतर सुरू केली आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर फेकून कांस्यपदक घेतलं. आपल्याकडचे मुरलीकांत पेटकर तर घरोघरी माहीत आहेत: १९६५ च्या युद्धात जखमी, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पदकाचं ओझं कुणाच्या डोक्यावर टाकू नका. पण रोज मैदानावर जायला एक कारण मिळणं, घाम येईपर्यंत काहीतरी करणं, बरोबरीच्या माणसांत बसणं, याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गावी नेताना

जवान येण्याच्या आधी कुणीतरी एकाने जाऊन घर पाहून यावं. संडास खाली बसण्याचा असेल तर कमोड किंवा निदान वर ठेवायची कमोड खुर्ची, आणि भिंतीला घट्ट धरायची दांडी. न्हाणीत उंच स्टूल आणि खरखरीत फरशी. ओलं सारवण आणि शेवाळलेलं अंगण दोन्ही घसरतात. उंच उंबरा असेल तिथे दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी हवं. खाट गुडघ्याच्या उंचीची, फार खाली नको.

लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचा मऊ थर, रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत घाम साचतो, म्हणून दुपारी एकदा पाय काढून स्टंप पुसून कोरडा करायचा. जास्तीचे मोजे दोन जोड जवळ हवेतच. साधा कृत्रिम पाय चिखलात आणि पाण्यात घालून भातलावणीला उतरायचं असेल तर आधी एएलसीत विचारा, काही पावलांना आणि सांध्यांना पाणी चालत नाही. बुटाची टाच बदलली तर पायाचा तोल बदलतो, म्हणून नव्या चपला-बूट घेताना टाचेची उंची पूर्वीइतकीच घ्या. वजन चार-पाच किलोने वाढलं तरी सॉकेट बसत नाही. चालताना खट्ट असा आवाज आला किंवा नट सैल वाटला तर गावच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, पुण्याला आणा.

पुढच्या तपासणीची तारीख पुणे सोडण्यापूर्वीच घ्या, ती पावसाळ्याच्या आधीची मिळाली तर बरं. येताना जुना पाय, लायनर, मोजे आणि फाइल, चारही सोबत आणा.